बाळाचं नाव रेशनकार्डावर घातलं का?

बांधावरून | रविवार, रात्री ९:४०

माझ्या ताईची धाकटी पाच महिन्यांची आहे. ऐन थंडीत दूध पिताना तिच्या कपाळावर घामाचे थेंब यायचे. ताई टोपडं सरकवून पदराने पुसायची आणि पुन्हा पाजायला घ्यायची. दोन घोट झाले की पोर दमून डोळे मिटायची, थोड्या वेळाने भुकेने रडायची. वजन काही केल्या वाढेना. "चणच बारीक, बापावर गेलीय," असं आम्ही सगळे म्हणत राहिलो. मीही म्हणालो. दुसऱ्यांदा न्यूमोनिया झाला तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काही न बोलता ऐकत बसले. इकोत दिसलं ते असं: हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र. ऑपरेशन लवकर करायला हवं होतं.

ताई आणि दाजी दोघंही मजुरीवर जातात. कार्ड केशरी. राज्य सरकारची मोफत उपचारांची महात्मा फुले जन आरोग्य योजना मला माहीत होती, म्हणून मी दाजींना सांगून टाकलं, "पैशाची चिंता सोडा, फक्त कागद घेऊन चला."

रुग्णालय योजनेच्या यादीतलंच होतं. तिथे योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राने कार्ड उघडलं. दाजी, ताई, दाजींची आई, थोरला मुलगा. चारच नावं. धाकटीचं नाव नव्हतंच. जन्मदाखला दाखवला तर त्यावर बाळाच्या नावाची जागा कोरी. बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालेलं, नोंदही वेळेत झालेली, पण बारसं झाल्यावर ते नाव दाखल्यावर चढवावं लागतं हे घरात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. तेवढ्यात बिलाच्या खिडकीवरून निरोप आला, "मंजुरी येईपर्यंत पंचवीस हजार अनामत भरा." दाजींनी तिथल्या तिथे गावाकडे फोन लावला, शेळ्यांचा सौदा करा म्हणून सांगायला. मी त्यांच्या हातातून फोन घेतला.

अनामत भरली नाही. योजनेच्या १५५३८८ या नंबरवर फोन करून रुग्णालयाचं नाव आणि अनामत मागितल्याचं सांगितलं. बाळाचा आईसोबतचा फोटो, जन्मदाखला आणि आईवडिलांचं कार्ड यांवर नोंदणी झाली, डॉक्टरांचे अहवाल वर गेले, मंजुरी आली. बुधवारी ऑपरेशन आहे.

हा धागा एवढ्यासाठीच काढला आहे. ज्यांच्या घरात, शेजारी, कामाला येणाऱ्या ताईंच्या घरी लहान मूल आहे, त्यांनी आज कार्ड उघडून बघा. मुलाचं नाव आहे का? आणि ज्यांना या योजनांचा अनुभव आहे त्यांनी बरंवाईट जे असेल ते लिहा. मला हे सगळं दवाखान्याच्या पायरीवर बसून शिकावं लागलं.

---

पिंपळपान | रविवार, रात्री १०:०५

ऑपरेशन सुखरूप पार पडो. एक विचारायचं होतं, पांढरं कार्ड असलेल्यांना काहीच नाही ना? आमच्या सोसायटीच्या वॉचमनचं कार्ड पांढरं आहे, पण पगार काय असतो ते तुम्हाला माहीत आहे.

---

बांधावरून | रविवार, रात्री १०:२०

आता आहे. आधी पिवळं, केशरी, अंत्योदय, अन्नपूर्णा एवढीच कार्डं चालायची, आणि पांढऱ्या कार्डावर फक्त शेतकऱ्यांच्या आत्महत्या जास्त होणाऱ्या १४ जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना मिळायचं. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने योजना राज्यातल्या सगळ्या रहिवाशांसाठी खुली झाली आणि १ जुलै २०२४ पासून ती तशी लागू झाली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, ते पाच लाख झालं. वॉचमनकाकांना कळवा. अधिवासाचा पुरावा लागेल, तो हाताशी ठेवायला सांगा.

---

खिडकीवरची | सोमवार, सकाळी ७:१५

मी चार वर्षं आरोग्यमित्र होते, आता दुसऱ्या कामात आहे. तुमची पोस्ट वाचून रात्री झोप लागली नाही, कारण ती कोरी जागा मी शेकडो दाखल्यांवर पाहिली आहे.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, ती बहुतेक वेळा दवाखान्याकडून होऊन जाते. नाव तेव्हा ठरलेलं नसतं. नंतर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन ते चढवता येतं, एका वर्षाच्या आत केलं तर शुल्कही लागत नाही. त्यानंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत करता येतं. पण लोक पहिल्यांदा तो दाखला काढतात तो शाळेच्या प्रवेशाला. मधल्या पाच-सहा वर्षांत पोर आजारी पडलं की धावपळ.

रेशनकार्डाचंही तसंच. नाव वाढवण्याचा अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत. मजूर माणसाला त्यासाठी एक खाडा, कधी दोन. म्हणून राहून जातं. यात आईबापाचा निष्काळजीपणा शोधू नका, हात जोडून सांगते. आमच्याकडे एक बाई यायची, तिने तीन वेळा अर्ज दिला होता, तिन्ही पोचपावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेल्या. नाव काही चढलं नव्हतं.

तान्ह्या बाळाचं नाव कार्डावर नाही म्हणून कुणी परत पाठवत असेल तर मुकाट्याने परत जाऊ नका. जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांबरोबरचा फोटो यांवर नोंदणी करता येते. तुम्ही केलंत ते अगदी बरोबर.

अनामतीचं म्हणाल तर, योजनेत बसणाऱ्या उपचाराला पैसे मागायचेच नाहीत, असा रुग्णालयाशी करार असतो. तपासण्या, औषधं, ऑपरेशन, रुग्णाचं जेवण, घरी सोडल्यावर १० दिवसांपर्यंतची औषधं, एवढंच काय, परतीचं एसटीचं भाडंसुद्धा त्या पॅकेजमध्ये धरलेलं असतं. भाड्याचे पैसे मागणारे नातेवाईक मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पाहिले. डिस्चार्जच्या दिवशी मागा. आणि कुठलेही पैसे भरावे लागलेच तर पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पावतीशिवाय तक्रार उभी राहत नाही.

तातडीचा रुग्ण असेल तर फोनवरून कळवून उपचार सुरू होतात, कागद मागाहून दिले तरी चालतात. ही सोय लोकांना सांगितलीच जात नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

---

शाळेचीघंटा | सोमवार, दुपारी १:३०

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दवाखाना गाठायच्याही आधीची एक पायरी आहे, तिच्याबद्दल लिहिते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ च्या फेब्रुवारीत त्याची देशभरातली सुरुवात आपल्या पालघरमधून झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन डॉक्टर, नर्स आणि औषधनिर्माता असं पथक गाडीने येतं. जन्मजात व्यंग, कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतला विलंब हे सगळं त्यांनी बघायचं असतं. दुभंगलेला ओठ, वाकडं पाऊल, हृदयाचं छिद्र, कमी ऐकू येणं असं काही सापडलं तर पुढच्या उपचारांची, ऑपरेशनचीसुद्धा, सोय मोफत होते.

आमच्या चौथीत एक मुलगा मागच्या बाकावर बसायचा. हाक मारली तरी बघायचा नाही. आम्ही त्याला हट्टी म्हणायचो. पथकातल्या डॉक्टरीणबाई त्याच्या पाठीमागे उभ्या राहिल्या, हळूच नाव घेतलं, मग जरा मोठ्याने, मग टाळी वाजवली. टाळीला त्याने मान वळवली. जिल्ह्याच्या केंद्रात तपासणी होऊन त्याला श्रवणयंत्र मिळालं. तीन वर्षं तो माझ्या वर्गात होता आणि मला कळलं नव्हतं, हे मी विसरू शकत नाही.

पण पथक ज्या दिवशी येतं त्या दिवशी मूल शाळेत हवं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं दिवाळीनंतर गाव सोडतात ती पाडव्याच्या आसपास परततात. नेमकी तीच मुलं तपासणीतून सुटतात, ज्यांना तिची सगळ्यात जास्त गरज आहे. आता मी पथकाची तारीख कळली की आधी आईवडिलांना निरोप धाडते, आणि मुलं बाहेरगावी असतील तर परतल्यावर त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जायला सांगते.

---

रातराणी | सोमवार, रात्री ११:१०

सगळ्यांचं वाचलं. ज्यांना मिळालं त्यांचं मनापासून बरं वाटतं. आता दुसरी बाजू मांडते, राग मानू नका.

माझी मुलगी नऊ वर्षांची, टाइप १ मधुमेह. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. दिवसाला चार इंजेक्शनं, आणि बोटाला टोचून साखर बघायची ती निदान चार वेळा. त्या पट्ट्यांची डबी पन्नासची असते. मी रोज रात्री त्या मोजते. महिनाअखेर आली की दुपारची तपासणी गाळते आणि नुसतं तिच्या तोंडाकडे बघून अंदाज करते.

यातलं योजनेत काहीही बसत नाही. कारण योजना आहे भरती झालेल्या रुग्णासाठी. आम्हाला निदान झालं तेच मुळी ती बेशुद्ध होऊन अतिदक्षता विभागात गेली तेव्हा. ते सगळे दिवस योजनेतून झाले, एक पैसा लागला नाही, त्याबद्दल मी ऋणी आहे. घरी आलो आणि खर्च सुरू झाला, तो तिच्या जन्मभराचा. सरकारी दवाखान्यातून कुप्या मिळतात, पण साठा असेल तेव्हा. पट्ट्या मिळत नाहीत.

मला कुणीतरी समजावून सांगा. इन्सुलिन चुकलं म्हणून ती पुन्हा बेशुद्ध झाली, तर तिच्यासाठी हजारो रुपये मंजूर होतील. ती बेशुद्ध होऊ नये म्हणून लागणाऱ्या शंभर रुपयांना मात्र कुठलंच शीर्षक नाही. दमा असलेल्या मुलांच्या पंपांचं तेच, फिट्स येणाऱ्या मुलांच्या गोळ्यांचं तेच. मुलांचे आजार बघा, त्यातले किती भरती होऊन बरे होणारे आहेत?

---

कोरडवाहू | मंगळवार, सकाळी ९:००

रातराणीताई, तुमचं अगदी खरं आहे. म्हणूनच माझं मत आधीपासून असं की विम्यावर ओतला जाणारा पैसा प्राथमिक आरोग्य केंद्रांवर घालावा. औषधाचं कपाट भरलेलं असेल आणि डॉक्टर मुक्कामाला असेल तर निम्मी मुलं भरती होण्याआधीच बरी होतील. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासण्या आणि उपचार निःशुल्क झाले. फार चांगला निर्णय. पण केसपेपर फुकट आणि औषध बाहेरून आणा, असं झालं तर त्याचा उपयोग काय?

यादीतली खासगी रुग्णालयं शहरांत आहेत. गडचिरोली, नंदुरबारच्या आतल्या पाड्यावरच्या आईला पाच लाखांचं संरक्षण कागदावर आहे, पण तिथून हृदयाच्या ऑपरेशनचं टेबल किती लांब आहे ते मोजा.

---

खिडकीवरची | मंगळवार, सकाळी ९:४५

कोरडवाहू, प्राथमिक केंद्रांबद्दल दुमत नाही. पण "ऐवजी" म्हणू नका. पाच महिन्यांच्या बाळाच्या हृदयाचं छिद्र प्राथमिक केंद्रात बुजवता येणार नाही. त्या आईला आज खासगीतलं टेबल मिळतंय ते योजनेमुळेच मिळतंय. योजना नसताना काय व्हायचं ते मी माझ्या चुलत्याच्या घरात पाहिलंय. शेत गेलं आणि पोरही गेलं.

---

कोरडवाहू | मंगळवार, सकाळी १०:१०

मान्य. "ऐवजी" शब्द मागे घेतो. दोन्ही हवं. पण मोठं ऑपरेशन झालं की त्याची बातमी होते, कपाटातलं औषध संपलं की होत नाही. म्हणून मी कपाटाबद्दल बोलत राहणार.

---

आंब्याचीकोय | मंगळवार, दुपारी ३:२०

आमच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला तेव्हा तो सहा वर्षांचा होता. आज बारावीला आहे, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते.

या आजाराचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. संरक्षणाची रक्कम अख्ख्या कुटुंबाला मिळून आणि वर्षासाठी असते. नवं वर्ष सुरू झालं की ती पुन्हा पूर्ण होते. आमच्या वेळी दीड लाखच होते आणि त्याच वर्षी सासऱ्यांचं हृदयाचं काम निघालं. एकाच रकमेत आजोबा आणि नातू. सासऱ्यांनी स्वतःहून सांगितलं, "माझं नंतर बघू." ते वाक्य अजून कानात आहे. पाच लाख झाले त्याचं मोल मला विचारा.

त्यामुळे लांबचा आजार असेल तर पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला दोन गोष्टी विचारा: यंदा कुटुंबाची किती रक्कम शिल्लक आहे, आणि नवं वर्ष कधी सुरू होतं. दर टप्प्याला नवी मंजुरी लागते, तिच्यासाठी आधीच्या डिस्चार्जचे कागद लागतात. मी सगळं एका फायलीत तारखेनुसार लावायचे.

रक्कम संपली तरी वाट संपत नाही. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेली ती योजना आहे. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार. तिथल्या समाजसेवा विभागात जाऊन स्पष्ट शब्दांत मागावं लागतं, आपणहून फार कमी जण सांगतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत न्या.

---

पिंपळपान | मंगळवार, संध्याकाळी ६:००

आणि ज्यांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापलं जातं त्यांनी तेही बघा. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांना लागू, आणि त्यात बायकामुलांचा उपचार येतो, तोही बाह्यरुग्ण विभागासकट. रातराणीताई, तुमच्या घरी कुणाचं कापलं जातं का? तसं असेल तर इन्सुलिन त्यांच्या दवाखान्यातून मिळायला हवं. मुलीचं नाव कुटुंबाच्या नोंदीत आहे का तेवढं तपासा.

---

रातराणी | मंगळवार, रात्री ८:३०

यांच्या पगारपत्रकावर कपात दिसते. आम्ही ते पैसे गेलेच असं धरून चाललो होतो. नोंदीत मी आहे, मुलगी नाही. हे उद्याच कंपनीच्या कचेरीत फॉर्म मागणार आहेत. पिंपळपान, तुमचे आभार कसे मानू.

---

जुनावड | बुधवार, सकाळी ८:००

नावावरून आठवलं म्हणून लिहितो. २००८ मध्ये केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली होती, दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी. वर्षाला ३० हजार रुपये आणि कार्डावर जास्तीत जास्त पाच माणसं. मी तेव्हा नोंदणीच्या टेबलावर बसलो होतो. घरात आजी, आईबाप आणि तीन मुलं असली की सहाव्याचं काय करायचं हे बापाने आमच्यासमोर ठरवायचं. एकाने तिन्ही पोरांना ओळीत उभं केलं आणि बराच वेळ बघत राहिला. शेवटी आजी म्हणाली, "माझं खोडा."

२०१८ ची आयुष्मान भारत योजना आली तेव्हा माणसांची मर्यादा उठली, वयाचीही. राज्याच्या योजनेसोबत ती १ एप्रिल २०२० पासून जोडून चालते. मर्यादा उठली हे फार मोठं काम झालं. आता सहावं नाव कार्डावर चढवायला अडथळा नियमाचा राहिलेला नाही, अडथळा आहे तो फक्त तहसीलच्या खेपेचा. तो आपल्यासारख्या चार शिकलेल्या माणसांनी उचलण्याजोगा आहे.

---

बांधावरून | शुक्रवार, रात्री १०:१५

ऑपरेशन बुधवारी झालं. साडेचार तास. बाहेर बाकावर दाजी एक शब्द बोलले नाहीत, फक्त रेशनकार्ड छातीशी धरून बसले होते, जणू कुणी ते काढून घेईल. काल नळ्या काढल्या. आज तिने वाटी-चमच्याने दूध घेतलं, संपेपर्यंत. ताईने सवयीने कपाळावर पदर नेला आणि तसाच धरून बसली. पुसायला काही नव्हतं.

खिडकीवरची, एसटीच्या भाड्याचं विचारलं, मिळणार आहे. जुनावड, तुमची पोस्ट मी दाजींना वाचून दाखवली.

शेजारच्या खाटेवर जालन्याकडचं एक बाळ आहे, त्याचंही नाव कार्डावर नाही. त्याच्या आजोबांना अर्ज लिहून दिला. मग खालच्या मजल्यावरून आणखी दोघं आले. सोमवारी मी शाळेतून अर्धी रजा टाकून आमच्या तहसीलला धाकटीचा अर्ज द्यायला जातोय. गावातल्या अजून तीन घरांचे जन्मदाखले माझ्याजवळ आले आहेत. त्यातल्या दोनांवर नावाची जागा कोरी आहे, म्हणजे आधी ग्रामपंचायत. ग्रामसेवक कोणत्या वारी असतात ते उद्या विचारून ठेवतो. नाव चढवायच्या अर्जासोबत आईवडिलांच्या आधारशिवाय आणखी काय लागतं, कुणाला नक्की ठाऊक असेल तर रविवारच्या आत इथे लिहा.